मागणी तसा पुरवठा

एका गावात एक भोळा आचारी होता. निवृत्ती त्याचं नाव. हाताला चव होती. डोकं मात्र जो सांगेल त्याच्या मागे जायचं.

दिवसभर चुलीपाशी एकटाच ढवळत असतो म्हणून त्याच्या भाचीने, चारूने, त्याला मोबाइलवर पॉडकास्ट लावून दिले. चारू सांगलीला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. हे आकड्यांचे आहेत, ते बाजाराचे, ऐकून माणूस शहाणा होतो, असं ती म्हणाली. निवृत्तीला शहाणं व्हायचंच होतं.

पहिल्या भागात एक बाई सांगत होत्या, की सगळं तपासत बसू नये. एक नमुना घ्यावा, बाकीच्यांचं त्यावरून कळतं. शितावरून भाताची परीक्षा. निवृत्तीला पटलं.

दुसऱ्या दिवशी गुरवांकडे बारसं होतं. चाळीस पानं मांडलेली. निवृत्तीने पहिल्या पानावरच्या आजोबांना वाढलं. ते जेवले. पोट भरलं का, विचारलं. भरलं, म्हणाले. निवृत्तीने पातेल्यांवर झाकणं घातली आणि हात धुतले. एकोणचाळीस माणसं रिकाम्या पानाकडे बघत बसली.

बायकोने, सोनाक्काने, त्याला फैलावर घेतलं. त्याने चारूला फोन लावला. तिने समजावलं, की मामा, एकावर भागत नाही. नमुना मोठा हवा, आणि तो डोळे मिटून उचलायचा.

पुढच्या आठवड्यात वास्तुशांत होती. फळीवर डबे ओळीने ठेवलेले. निवृत्तीने डोळे मिटले आणि मोठमोठ्या मुठी उचलल्या. शिऱ्यात मीठ गेलं. आमटीत साबुदाणा गेला. यजमानांनी हात जोडून त्याला वेशीपर्यंत पोचवलं.

चारू म्हणाली, डोळे उघडे ठेवा, मोजा, आणि सरासरीचा भाग ऐका. त्याने दोनदा ऐकला. मग एका डोहाळजेवणाला दोन कढया चढवल्या. एकीतलं तेल धुरावलं होतं, दुसरीतलं गार होतं. निवृत्तीने मनात सरासरी काढली. ती पुरीला नेमकी होती. निम्म्या पुऱ्यांचा कोळसा झाला, निम्म्या पिठाच्याच राहिल्या. बायका बोलायला लागल्या तेव्हा तो म्हणाला, "सरासरी पुरी चांगली आहे."

त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. तो झारा घासायचा, उन्हात ठेवायचा, पुन्हा घासायचा. एकुलत्या एका मुलीचं, शेवंताचं, लग्न ठरत आलं होतं. पलीकडच्या गावच्या शिक्षकाने तिला मागणी घातली होती आणि तिलाही तो पसंत होता. पण तुम्ही सुधारला नाहीत तर लग्नाला दुसरा आचारी आणीन, असं सोनाक्काने बजावलं. पोटच्या पोरीच्या लग्नात परक्याने रांधायचं, हे निवृत्तीला सोसेना. त्याने चारूला शेवटचं विचारलं. तिने अर्थशास्त्राचा एक भाग पाठवला आणि सांगितलं, की मामा, लोकांना काय हवं ते आधी ऐका. मागणी तसा पुरवठा. आलेली मागणी परत पाठवू नये.

हे सोपं होतं. निवृत्तीने ते पाठ केलं.

लग्नाचा दिवस उजाडला. त्या दिवशी त्याने जे रांधलं तसं गावाने कधी खाल्लं नव्हतं. मसालेभात मोकळा, जिलबी कुरकुरीत, मीठ जिथल्या तिथे. सोनाक्काला भरून आलं. अक्षता पडल्या. शेवंताने शिक्षकाच्या गळ्यात हार घातला.

तेवढ्यात वेशीवर बँड वाजला. दुसरं वऱ्हाड आलं. घोड्यावर दुसरा नवरदेव होता.

सोनाक्काने नवऱ्याला बाजूला ओढलं. त्याने शांतपणे सांगितलं, की तू माहेरी गेली होतीस तेव्हा हे लोक आले होते. शेवंताला जत्रेत पाहिलं होतं म्हणे. त्यांचीही मागणी होती. ती परत कशी पाठवणार? म्हणून हो म्हटलं, आणि रांधायला सोपं पडावं म्हणून हाच दिवस दिला.

तोवर नव्या नवरदेवाचे वडील मांडवात शिरले. फेटा सावरत त्यांनी विचारलं, "मुलगी कुठं आहे?"

निवृत्तीने शेवंताकडे पाहिलं. मग सोनाक्काकडे पाहिलं.

"मागणी पोचली आहे," तो म्हणाला. "पुरवठ्याला वीसेक वर्षं लागतील. तोवर जेवून घ्या."