ओळखीचा पुरावा

मी आधीच सांगितलं होतं, ह्या माणसाला कचेरीत पाठवू नका. गटातल्या एकीनं तरी ऐकावं? "काहीतरीच बाई तुझं," म्हणाल्या. "भावजी म्हणजे देवमाणूस." अहो, देवमाणूस आहेत म्हणूनच सांगत होते. देवाला कधी कुणी अर्ज घेऊन तालुक्याला धाडतं का? नाही ऐकलं. आता ऐका.

एका गावात एक भोळा नवरा होता. गाव आमचंच, नवरा माझाच. नाव घेणार नाही. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

आमच्या बचत गटाला शाळेतली खिचडी शिजवायचं काम हवं होतं. चार वर्षं ते सर्जेराव ठेकेदाराकडं. त्याच्या खिचडीत पोरांना डाळ हुडकावी लागते. यंदा नवे अर्ज मागवले. शेवटचा दिवस शुक्रवार. अर्ज छापून, शिक्का मारून, पाचच्या आत कचेरीत द्यायचा. एक मिनिट उशीर झाला की वर्ष गेलं.

अर्ज आमच्या लेकीनं, चित्रानं, नाशिकहून भरून घरच्या कॉम्प्युटरवर पाठवला होता. प्रिंटरही तिनंच दिलेला, नवाकोरा. शुक्रवारी सकाळी ह्यांनी छापायला घेतला, तर छापेना. पडद्यावर लाल चौकट. ह्यांनी फोन लावला.

चित्रा म्हणाली, "आप्पा, कॉम्प्युटरला पहारेकरी असतो. तो अनोळख्याला अडवतो. आपला प्रिंटर नवा आहे, त्याची ओळख नाही."

"मग करून देतो," हे म्हणाले.

मी चुलीपासून उठून बघते तर प्रिंटर पडद्यासमोर, तोंडाला तोंड लावून ठेवलेला. हे मध्ये उभे. "हा आपला प्रिंटर. चित्रानं आणला. स्वभावानं गरीब आहे."

चित्रा फोनवरून ओरडली, "आप्पा, तसं नाही! चौकट विचारेल, ह्याला आत घेऊ का. तुम्ही हो म्हणायचं."

हे पडद्याकडं बघून हो म्हणाले. मग मोठ्यांदा हो म्हणाले. कॉम्प्युटर म्हातारा असावा तसं त्याच्या कानाशी जाऊन हो म्हणाले.

"तोंडानं नाही, बटणानं!"

ह्यांनी बटण दाबलं. पहारेकरी सरला. प्रिंटरचा हिरवा दिवा लागला. हे खूश. "विचारलं की हो म्हणायचं. सोपं आहे."

मी गटाचा शिक्का आणायला हौसाबाईंकडं गेले. हौसाबाई आमच्या गटाची वही लिहितात. तेवढ्यात शेजारची अनसूया दारात आली. "भावजी, हे कोरे कागद नेऊ का? पापडाखाली घालते."

"हो."

मी येते तर घरात एक कागद नाही. सगळा गठ्ठा तिच्या गच्चीवर, वर उडदाचे पापड. प्रिंटर कागद मागतोय आणि हे त्यालाही हो म्हणतायत.

"अहो, कुणीही विचारलं की हो म्हणायचं नसतं!" मी म्हणाले. "आधी ओळखीचा पुरावा मागायचा. पुरावा नाही तर उंबरा ओलांडू द्यायचा नाही."

"बरं."

सासूबाई कागद आणायला दुकानात गेल्या. मी पापड बाजूला करून दोन-चार कागद मिळतात का बघायला अनसूयाच्या गच्चीवर गेले. सगळ्यांना तेल लागलेलं. तासाभरानं खाली आले तर सासूबाई कागद मांडीवर घेऊन भर उन्हात पायरीवर. दाराला आतून कडी. खिडकीत हे.

"मेल्या, मी तुला जन्म दिला!"

"त्याचा दाखला आहे का?"

म्हातारीला भोवळ आली. तिला आत घेतलं, कांदा फोडून नाकाशी धरला. मग ह्यांच्याकडं वळले. "ओळखीच्या माणसाला पुरावा मागतात होय? ओळखीच्याला सोडायचं, अनोळख्याला अडवायचं. एवढं डोक्यात ठेवा."

"ठेवलं."

अर्ज मी माझ्या हातानं छापला. शिक्का मारला. पण सासूबाई डोळे उघडेनात, त्यांना सोडून तालुक्याला जाऊ कशी? बाकीच्या बाया म्हणाल्या, भावजी जातील की. मी म्हणाले, नको. तर पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, देवमाणूस वगैरे.

हे चारला कचेरीत पोचले. तिथं काय झालं ते ह्यांनीच सांगितलं. खोटं बोलायला डोकं लागतं.

खिडकीतल्या साहेबांनी हात पुढं केला. "द्या अर्ज."

"तुम्ही कोण?"

"मी इथला साहेब."

"ओळखीचा पुरावा दाखवा."

"अहो, पुरावा आम्ही मागतो लोकांकडं!"

"म्हणजे तुमच्याकडं नाही," म्हणाले हे, आणि अर्ज पोटाशी धरून बाकावर बसले. साहेबांनी समजावलं. शिपायानं समजावलं. शिपायालाही पुरावा मागितला.

पाचला दहा मिनिटं होती. तेवढ्यात सर्जेराव ठेकेदार आला, स्वतःचा अर्ज घेऊन.

"काय रे, मला ओळखतोस ना?"

"म्हणजे काय! एका वर्गात होतो आपण."

"मग दे इकडं. मी देतो साहेबाला. घेऊ का?"

माणूस ओळखीचा. वर विचारतोय.

"हो," म्हणाले हे.

घरी आले ते हसत. "काम फत्ते. ओळखीच्याच हातात दिला."

"पावती?"

"त्यानं मागितली नाही."

खिचडी परत सर्जेरावाकडं गेली. डाळ अजून सापडायची आहे.

रविवारी गटाची बैठक भरली. हे दाराबाहेर उभे राहिले. आत या म्हटलं, तर म्हणाले, पुरावा घरी राहिला. हौसाबाईंनी वही उघडली. "अर्ज कुणामुळं गेला, लिहायचंय. नाव सांग."

"तुम्हाला माहीत नाही होय?"

"माहीत आहे. पण वहीत तुझ्या तोंडचं पाहिजे. उखाण्यात घे हवं तर."

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी उठले, पदर खोचला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा रागानं नाव घेतलं:

"पहारेकऱ्याला शिकवलं, अनोळख्याला बाहेर ठेव,
ठेकेदाराच्या खिशात अर्ज घालून आले ज्ञानदेव."