वीणेवरचा सोन्याचा मोर

गोष्ट जुनी आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे अंबाजी नावाचा एक वादक राहत असे. जाड तारांची, खर्जातली वीणा तो पट्ट्याने गळ्यात अडकवून चालता चालता वाजवी. त्याचा थोरला भाऊ विसाजी शेजारून पखवाज वाजवी. दसऱ्याच्या मिरवणुकीत दोघे आले की लोक बोलणं थांबवून ऐकत.

एका वर्षी राजा प्रसन्न झाला. त्याने वीणेच्या दांडीच्या टोकाला सोन्याचा मोर बसवून दिला. मोर सुंदर होता आणि जडही होता. त्या दिवसापासून वीणेचा तोल गेला. दांडी सारखी जमिनीकडे झुके आणि डाव्या हाताने ती उचलून धरावी लागे. मग त्या हाताने सूर कसे धरायचे?

विसाजी म्हणाला, "मोर काढून घरी ठेव. वाजवताना वीणा हलकी राहू दे."

"दादा, मोर काढला तर मला ओळखणार कोण?"

"मोर नव्हता तेव्हाही ओळखतच होते की."

अंबाजीला ते पटलं नाही. पट्टा खांद्यावरून सरकू नये म्हणून त्याने आतून खरखरीत कातडं लावलं. दांडी थोडी सावरली, पण खांदा सोलून निघाला. मग त्याने पट्टा दांडीवर आणखी वर बांधला. त्यामुळे वीणा एका बाजूला गेली आणि उजवा हात तारांपर्यंत नीट पोचेना. शेवटी त्याने वीणेच्या भोपळ्यात शिसं ओतलं. आता वीणा अगदी आडवी, सरळ राहू लागली. हात सोडला तरी हलत नव्हती.

विसाजीने भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली. दगडावर मारावी तसा आवाज आला.

"अरे, हिचा गळाच दाबलास तू."

"आधी तोल तर साधू दे, दादा. आवाजाचं मग बघू."

दसरा आला. अंबाजी ताठ मानेने चालला. मोर उन्हात चमकत होता आणि लोक बोटं दाखवत होते. तारांचा आवाज मात्र त्याच्या स्वतःच्या कानापलीकडे जात नव्हता. भावाची लाज झाकावी म्हणून विसाजी जीव तोडून पखवाज वाजवत राहिला.

मिरवणूक संपल्यावर राजा जवळ आला. आता बोलणी खावी लागणार म्हणून अंबाजीने मान खाली घातली.

राजा म्हणाला, "मोर फार शोभला."

"महाराज, आज वीणेचा आवाज..."

"वाजत होती का? माझं लक्षच नव्हतं. पुढच्या वर्षी मोराला पिसारा करू."

त्याच आठवड्यात विसाजी पखवाज घेऊन दुसऱ्या गावी निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "मला साथ करायला सूर लागतो रे."

तेव्हा कुठे अंबाजीचे डोळे उघडले. त्याने मोर उपटून काढला आणि शिसं खरवडायला घेतलं. पण शिसं भोपळ्याला घट्ट धरून बसलं होतं. ते निघालं तेव्हा भोपळाही तडकला. नवी वीणा हातात घेतली, तर शिसं ओतण्याआधी कितीतरी दिवस दांडी पेलून आखडलेली डावी बोटं तारांवर वळेनात.

राजाकडून पिसारा आला. तो परत पाठवायची छाती अंबाजीला झाली नाही. त्याने तडकलेली वीणा बांधून घेतली आणि मोर पुन्हा बसवला. पुढची सगळी वर्षं तो ती मुकी वीणा गळ्यात घालून मिरवणुकीत चालत राहिला. बाया मुलांना कडेवर घेऊन मोर दाखवत. त्याला वाजवायला मात्र कुणीच सांगत नसे.

बोध : नको असलेलं ओझं उतरवायचं सोडून जो ते तोलत बसतो, त्याच्या गळ्यात शेवटी नुसतं ओझंच उरतं.