सरहद्दीवरची टिटवी

फार पूर्वी दोन राज्यांचं हाडवैर होतं. सरहद्दीच्या माळावर बाणांच्या भीतीनं माणूस फिरकत नसे, म्हणून तिथं गवत माजलं आणि एका टिटवीनं अंडी घातली. पुढे राजांचा तह झाला आणि माळावर दोन्हीकडून नांगर आले.

"ऊठ बाई, चिरडली जाशील," एक बैल म्हणाला.

टिटवी घाबरली होती, पण अंड्यांवरून हलली नाही. "दादा, माणसं भांडत होती तोवर आम्ही सुखात होतो. आता त्यांचा सलोखा झाला, तर आम्ही कुठं जायचं?"

बैल तिथंच बसला. पाठीवर आसूड बसले, तरी उठेना. ते पाहून पलीकडच्या राज्याचा बैलही बसला.

शेवटी दोन्ही शेतकरी वाकले, तेव्हा त्यांना अंडी दिसली. त्यांनी नांगर माघारी वळवले. तहानंतर दोन्हीकडच्या लोकांनी मिळून राखलेली पहिली गोष्ट म्हणजे तो माळ.