महापौरांची पद्धत

कॉम्प्युटरच्या पडद्यावर गाड्या पळवून शहरातल्या सिग्नलच्या वेळा ठरवायच्या, हे माझं काम. बायको त्याला व्हिडिओ गेम म्हणते. त्याच कामाच्या सादरीकरणाला मी सिग्नलवर अडकून उशिरा, घामाघूम पोहोचलो.

महापौर रणदिवेसाहेब गरजले, "सिग्नल सुधारणारेच अडकले! मी बघा, पाच मिनिटांत आलो. आहेत त्याच वेळा उत्तम आहेत. प्रस्ताव रद्द!"

वर्षभराची मेहनत बुडताना दिसली. मी चाचरत म्हणालो, "साहेब, तुमची पद्धतही पडद्यावर करून पाहिली. प्रत्येक गाडीपुढे पोलिसांची सायरनवाली गाडी दिली."

"मग?"

"सगळे सायरन अजून चौकातच वाजताहेत."

सभागृह खदखदून हसलं. हसू दाबत साहेब म्हणाले, "बरं, तुमच्या नव्या वेळा एका चौकात लावून दाखवा."

एरवी मला असली उत्तरं दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचतात.