मुंगीला हवी सावली

काल मला झोप लागली नाही. बोन्साय करायचं म्हणून चिंचोके जमवले, पेरले. वीस दिवस झाले, एकही उगवला नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार! सकाळी आठवलं. चिंचोका आधी खरखरीत दगडावर घासायचा असतो. म्हटलं, निदान गोष्ट तरी रुजतेय का बघू. लेकीला, शलाकाला, मांडीवर घेतलं.

गच्चीत होती थाळी. थाळीत होतं वीतभर झाड. झाडाखाली राहायची मुंगी. एक दिवस झाड वाळलं. सावली गेली. मुंगीचं डोकं तापलं, चटचट!
मुंगीने आणला चिंचोका. थाळीत टाकला. टप्पकन!
"चिंचोक्या, चिंचोक्या, उगव ना!"
"मी नाही उगवत जा! पोटात पाणी शिरलं, तर उगवीन."

मुंगी गेली झारीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"पाण्या, पाण्या, शिर ना! चिंचोका उगवेना, मला सावली मिळेना."
"मी नाही शिरत जा! साल किती कडक! दगडाने घासलं, तर शिरीन."

मुंगी गेली दगडाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"दगडा, दगडा, घास ना! पाणी शिरेना, चिंचोका उगवेना, मला सावली मिळेना."
"मी नाही घासत जा! मला कुठे हात? आई आली, तर घासीन."

आई बसली होती पुस्तक घेऊन. 'झाड कसं लावावं.' कालपासून तेच पान.
मुंगी गेली आईकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"आई, आई, ऊठ ना! दगड घासेना, पाणी शिरेना, चिंचोका उगवेना, मला सावली मिळेना."
"मी नाही उठत जा! मांडीवर गब्दू बोका झोपलाय. तो उठला, तर उठीन."

मुंगी चढली मांडीवर. तुरुतुरु तुरुतुरु.
"बोक्या, बोक्या, ऊठ ना! आई उठेना, दगड घासेना, पाणी शिरेना, चिंचोका उगवेना, मला सावली मिळेना."
बोका म्हणाला, "घुर्रर्र." डोळासुद्धा उघडला नाही.
"अस्सं? बरं हं!" म्हणाली मुंगी. चढली शेपटीवर. चढली पाठीवर. शिरली कानात.
गुदगुद गुदगुद!

बोका उठला, म्यांव!
आई उठली, अगंबाई!
दगडाने घासलं, खर्र खर्र.
पाणी शिरलं, बुडुक बुडुक.
चिंचोका फुगला, टुम्म!
आठ दिवस गेले. चिंचोका उगवला, टचकन!
पानं इवली. सावलीही इवली. मुंगीला पुरली. बसली पाय पसरून. सहाच्या सहा!

गोष्ट संपली. शलाका माझ्या मांडीवरून सरसर उतरली. कमरेवर हात ठेवले. म्हणाली,
"मी उठले. आता तू ऊठ."