नवलरावांची नवी मापवही

“मोठ्या अक्षरांचं बटण गेलं कुठं?” रखमाजी शिंपी संगणकाला नाक लावून ओरडले.

राजवाड्यातल्या प्रत्येक संगणकात मापवही आधीपासूनच असायची. साऱ्या दरबाराची मापं तिच्यात. प्रधान नवलरावांनी ती मोडून नव्यानं लिहवून घेतली. कोपरे गोल झाले, रंग गुलाबी झाला, उघडली की ‘शुभ सकाळ’ म्हणू लागली! अक्षरं मोठी करायचं बटण तेवढं राहून गेलं. रखमाजींना बारीक दिसेना, आणि घोड्याच्या झुलीचं माप सेनापतींच्या अंगरख्याला लागलं.

राजे उग्रप्रताप कडाडले, “म्हाताऱ्याला घरी बसवा!”

रखमाजींची सून हौसा लग्न होऊन आली त्याला तीन महिने झाले होते. घरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. पण दरबारात मामंजी कात्री खाली ठेवू लागले तशी ती पुढं झाली.

“महाराज, चूक मामंजींची नाही. बटणच काढून टाकलंय.”

“काढलं नाही, बाई, सुटसुटीत केलं!” नवलराव म्हणाले. “आम्ही मोजदाद केलीय. शंभरात दोघंच ते दाबायचे. होईल सवय!”

“त्या दोघांना विचारलंत?”

“दोघांना काय विचारायचं?”

राजे हसले. “पोरी, मी तर संगणकाला कधी बोटही लावलं नाही. तरी दसऱ्याच्या दरबारापर्यंत ती उणीव मला स्वतःला जाणवली पाहिजे! नाहीतर रखमाजी कायमचे घरी.”

“मग दसऱ्याची सुरवार मी शिवते, महाराज. अगदी प्रधानजींच्या पद्धतीनं.”

“शीव, शीव!” नवलरावांची छाती फुगली.

हौसानं महाराजांच्या हुजऱ्याला गाठून एकच गोष्ट विचारली आणि शिवायला बसली.

दसरा उजाडला. शिंगं वाजली, सरदार उठून उभे राहिले. राजे पडद्याआड कपडे करत होते. बाहेर हौसा आणि नवलराव थांबले होते. एकाएकी आतून गर्जना आली.

“हौसा! नाडी कुठाय?”

“सुटसुटीत केली, महाराज!”

“म्हणजे?”

“हुजऱ्याला विचारून मोजदाद केली. दिवसभरात नाडीला हात लागतो दोनदाच, बांधताना आणि सोडताना. एवढ्याशासाठी कोण ठेवतंय? त्याऐवजी जरीचे मोर बघा ना, किती छान उठलेत!”

“सुरवार काय मोर धरून ठेवणार?”

“होईल सवय!”

नवलराव खाली बघू लागले.

“अगं, एका हातात तलवार, दुसऱ्यात आपट्याची पानं! सुरवार धरू कशानं?”

“आपला अभिप्राय कळवावा, महाराज. पुढच्या दसऱ्याला जरूर विचार करू.”

मग आतून असं हसू फुटलं की पडदा हलला!

“जाणवली गं बाई, जाणवली! रखमाजी आपल्या जागी, बटण दिवस मावळायच्या आत मापवहीत. आणि यापुढं हौसाला विचारल्याशिवाय या वाड्यात कुणी काही नवं करायचं नाही! पण आत्ता मी बाहेर येऊ कसा?”

हौसा पदराआडची नाडी काढू लागली, तेवढ्यात पडद्यातून राजांचा हात बाहेर आला.

“राहू दे तुझी. नवलराव, तुमची द्या! तुम्हालाही दोनदाच लागते ना?”

त्या दसऱ्याला प्रधानजींनी अख्खा दरबार कमरेवर दोन्ही हात ठेवून पाहिला.