रविवारचा उपदेश आणि शांतवनचा सोमवार

तुम्ही रविवारी देवळात ऐकलेला उपदेश सोमवारी कधी करून पाहिलाय का? खरं सांगा. नाही ना? मग तुम्ही शहाणे आहात, आणि ही गोष्ट तुम्हांला ऐकायला हरकत नाही.

एका गावात एक भोळा गडी होता. नाव शांतवन. आईबाप लहानपणीच वारले, तेव्हा एस्तेरआत्यानं त्याला वाढवलं. अंगानं धिप्पाड, मनानं निर्मळ. फक्त डोक्यात जे घालाल ते जसंच्या तसं राहायचं. आत्या म्हणायची, "सगळ्यांच्या डोक्यात चाळण असती. याच्या नाही. पीठ आणि कोंडा एकाच डब्यात."

त्या गावात आपली ख्रिस्ती मंडळी होती. पत्र्याचं छोटं देऊळ होतं आणि बाहेर लिंबाच्या झाडाला घंटा टांगलेली होती. उपदेश कसा ऐकायचा हे मंडळीला चांगलं ठाऊक होतं. गप्प बसायचं, अधूनमधून मान डोलवायची, आणि बाहेर पडताना पाळकसाहेबांचा हात हातात घेऊन म्हणायचं, "साहेब, आज अगदी मनाला लागलं." एवढं झालं की उपदेश संपला. मग घरी जाऊन रश्शाला फोडणी द्यायची. आपण सगळे असंच करतो आणि आपलं काही अडत नाही.

शांतवनला ही रीत कुणी शिकवलीच नव्हती. तो उपदेश घरी घेऊन यायचा.

एका रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "सेवा करायची तर हात राखून करू नका. कुणी कोसभर सोबत मागितली, तर दोन कोस चाला."

सगळ्यांनी मान डोलवली. शांतवननंही डोलवली.

सोमवारी खरात गुरुजी लेकीच्या गावाला निघाले. नातवाचा बाप्तिस्मा होता. पेटी जड होती आणि यष्टीचा स्टँड गावापासून कोसभर. गुरुजी म्हणाले, "शांतवन, एवढी पेटी स्टँडवर पोचव रे."

शांतवननं पेटी डोक्यावर घेतली. तो पुढं, गुरुजी छत्री घेऊन मागं. स्टँड आला. यष्टी उभीच होती. शांतवन यष्टीच्या शेजारून पुढं गेला.

"अरे, स्टँड आला!" गुरुजी ओरडले.

"आला की, गुरुजी."

"मग थांब!"

"तुमचा कोस झाला. आता माझा कोस."

गुरुजी छत्री मिटून पळायला लागले. मागून यष्टी आली आणि दोघांच्या अंगावर धूळ उडवून गेली. कंडक्टरनं हातसुद्धा केला.

बाप्तिस्मा गुरुजींशिवाय झाला. आत्यानं कपाळाला हात लावला. "अरं बाबा, सांगितलं तेवढंच करायचं. त्याच्या बोटभरही पुढं जायचं नाही. कळलं?"

"कळलं," शांतवन म्हणाला.

तो 'कळलं' म्हणाला की आत्या देवाचा धावा करायची.

शनिवारी पाळकबाईंनी पाळकसाहेबांचा उपासनेचा पांढरा झगा धुतला आणि अंगणात दोरीवर वाळत घातला. तेवढ्यात शेळीनं खुंटा उपटला. शांतवन रस्त्यानं चालला होता. बाई म्हणाल्या, "शांतवन, मी खुंटा ठोकायला दगड आणते. तोवर ही शेळी धर."

शांतवननं शेळी धरली. दोन्ही हातांनी, घट्ट. बाई दगड घेऊन आल्या तेव्हा झग्याची एक बाही संपली होती आणि शेळी दुसरीचा विचार करत होती.

"अरे देवा! तुला शेळी धर म्हटलं होतं ना?"

"धरलीय की, बाई. ही बघा."

"मग खाऊ कशी दिलीस?"

"धर म्हणालात. खाऊ देऊ नको असं कुठं म्हणालात? मी बोटभरही पुढं गेलो नाही."

रविवारी पाळकसाहेबांनी एका बाहीच्या झग्यात उपदेश केला. उजवा हात वर केला की झगा दिसायचा, डावा वर केला की पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. पोरांनी इतकं लक्ष देऊन उपदेश कधीच ऐकला नव्हता.

उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी त्याला बाजूला घेतलं. माणूस रागीट नव्हता. म्हणाले, "बाळा, दुसऱ्याला त्रास होताना दिसला, तर कुणी सांगायची वाट बघायची नाही. आपणहून पुढं व्हायचं. त्याचा त्रास आपल्या अंगावर घ्यायचा. कळलं?"

"कळलं."

बायकांच्या बाजूला आत्यानं देवाचा धावा सुरू केला.

त्याच आठवड्यात दाऊदबाबाचं पोट साफ होईना. दाऊदबाबा म्हणजे मंडळीतले सगळ्यांत म्हातारे. कान गेलेले, घरी एकटेच. वैद्यानं त्यांना बाटलीभर जुलाबाचं औषध दिलं. आत्या शांतवनला म्हणाली, "जा, म्हाताऱ्याला तेवढं पाजून ये."

शांतवननं बाटली दाऊदबाबाच्या हातात दिली. बाबांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "लई कडू हाय रं. जीव नको वाटतो."

दुसऱ्याला त्रास होताना दिसला. कुणी सांगायची वाट बघायची नव्हती. शांतवननं बाटली घेतली आणि एका दमात रिकामी केली.

दाऊदबाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "देव तुझं भलं करो, पोरा."

देवानं काही करायच्या आत औषधानं केलं. शांतवन ओढ्याकडं गेला तो दिवस मावळेपर्यंत ओढ्याकडंच होता. घरी आला तेव्हा भिंतीला धरून आला.

"आत्या," तो म्हणाला, "मला वाटतं माझं डोकं उलटं बसवलंय."

"उलटं असतं तर कधीमधी चुकून तरी सरळ चाललं असतं," आत्या म्हणाली आणि त्याला ताकभात कालवून दिला.

पाळकसाहेब भेटायला आले. खाटेशेजारी बसून त्यांनी हळू आवाजात समजावलं, "दुसऱ्याच्या वाट्याचं आपण घ्यायचं नसतं, बाळा. आपल्या वाट्याचं दुसऱ्याला द्यायचं असतं. त्याग म्हणजे तो."

"आत्ता कळलं," शांतवन म्हणाला.

आता आत्याला एकच घोर लागला होता. तिचे गुडघे गेले होते. चूल फुंकताना दम लागायचा. आपण मेल्यावर या पोराला सांभाळणार कोण? त्याचं लग्न व्हायला हवं होतं. पण गावोगावी शांतवनच्या गोष्टी आधी पोचायच्या आणि स्थळं मागं फिरायची. आत्यानं किती ठिकाणी पदर पसरला, त्याला हिशेब नाही.

शेवटी ओढ्यापलीकडच्या गावात एक मुलगी हो म्हणाली. मार्था तिचं नाव. हसरी आणि ठाम. तिनं औषधाची गोष्ट आठवडी बाजारात ऐकली होती. हसून हसून ती भाजीच्या पाटीवर बसली. मग घरी जाऊन बापाला म्हणाली, "जो दुसऱ्याचा जुलाब स्वतः घेतो, तो बायकोला उपाशी झोपू देणार नाही. माझं याच्याशी ठरवा."

तिचे वडील इस्राएल पाटोळे कडक माणूस. त्यांनी आत्याला स्पष्टच सांगितलं, "पोरगी म्हणती म्हणून देतोय. पण लग्नाच्या दिवशी माझ्या पाहुण्यांत त्यानं काही येडेपणा केला, तर पोरगी घेऊन उठेन. मग माझ्या दारात येऊ नका."

आत्या तडक पाळकसाहेबांकडं गेली. "साहेब, हात जोडते. लग्न होईपर्यंत काहीही करायला सांगू नका."

पाळकसाहेबांना पटलं. त्या रविवारी त्यांनी शास्त्रातली एक लांबलचक वंशावळ वाचून दाखवली. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. मंडळी गाढ झोपली. शांतवननं मात्र शेवटपर्यंत ऐकलं, पण त्यात करण्यासारखं काही सापडेना. सोमवार सुखानं गेला. आत्यानं देवाचे आभार मानले.

लग्नाचा दिवस उजाडला. देवळात पताका लावल्या. पुढं नवरानवरीसाठी दोन खुर्च्या मांडल्या. शांतवनला नवा कोट चढवून आत्यानं एका खुर्चीत बसवलं आणि दटावलं, "हलायचं नाही." मग ती बाहेर मांडवात रश्शाची पातेली बघायला गेली.

दोन्ही गावची माणसं आली. देऊळ भरलं. भिंतीला लागून माणसं उभी राहिली. ते बघून पाळकसाहेब उठले. उपदेश करायचं त्यांच्या मनातही नव्हतं, ते नुसती सूचना देत होते. "मंडळी, जागा कमी आहे. म्हातारी माणसं उभी आहेत. आपली जागा दुसऱ्याला द्या. ख्रिस्ताची माणसं आपण, एवढं तर करू."

सगळ्यांनी मान डोलवली आणि आपापली जागा आणखी पसरून बसले.

दाऊदबाबा काठी टेकत पुढच्या भिंतीशी उभे होते. त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. एकानं बघितलं.

शांतवननं क्षणभर विचार केला. आत्यानं हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पण पाळकसाहेब नंतर बोलले होते. तो उठला. दाऊदबाबाला दंडाला धरून त्यानं आपल्या खुर्चीत बसवलं, आपल्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात घातला, कारण आपल्या वाट्याचं दुसऱ्याला द्यायचं असतं, आणि स्वतः सगळ्यांत मागं दारात चपलांच्या ढिगापाशी जाऊन बसला. त्याला फार बरं वाटत होतं.

गाणं सुरू झालं. मार्था बापाच्या हाताला धरून आत आली. तोंडावर जाळी, मान खाली. इस्राएल पाटोळेंची मानही खाली होती, कारण त्यांना रडू येत होतं. पाळकसाहेबांचे डोळे पुस्तकात. बाकी सगळ्यांना सगळं दिसत होतं. पण चालू उपासनेत बोलायचं नाही, ही आपल्या मंडळीची शिस्त फार कडक. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. पुरुष छताचे पत्रे बघत होते.

पाळकसाहेबांनी विचारलं, "या स्त्रीचा तू आपली पत्नी म्हणून स्वीकार करतोस काय?"

दाऊदबाबाचा डोळा लागला होता. कुणीतरी मागून त्यांना ढोसलं. ते दचकले, आणि देवळात दचकून जाग आल्यावर जे म्हणायचं असतं ते मोठ्यानं म्हणाले, "आमेन!"

त्याच वेळी आत्या हात पुसत दारात आली. बघते तर चपलांत नवरदेव.

"तू इथं काय करतोयस?"

"जागा दिली, आत्या."

"कुणाला?"

"दाऊदबाबाला."

"कुठली जागा?"

"माझी."

आत्यानं पुढं बघितलं. पुढं मार्थानं जाळी वर केली होती. दाऊदबाबा तिच्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाले, "तू कुणाची गं, बाळ?"

मग जो गोंधळ उडाला तो सांगायला नको. इस्राएल पाटोळे तांबडेलाल झाले. "उठ, पोरी! बस झालं! माझं नाक कापलं या माणसानं!" आत्या त्यांच्या पाया पडायला वाकली, पण तिच्या गुडघ्यांनी तिला वाकू दिलं नाही. पाळकसाहेब मध्ये पडले. इस्राएल पाटोळे कुणाचं ऐकेनात. "मी आधीच सांगितलं होतं. उचला पेटी!"

मार्थाची लोखंडी पेटी मांडवात होती. कपडे, भांडी, सगळं तिच्यात. परतीचा टेम्पो संध्याकाळी यायचा होता. इस्राएल पाटोळे म्हणाले, "चालत जाऊ!" पण पेटी कुणी उचलेना. त्यांचे पुतणे आपल्या इस्त्रीच्या पँटींकडं बघत उभे राहिले. शेवटी इस्राएल पाटोळेंनी स्वतःच एका कडीला हात घातला. पेटी जागची हलली नाही.

तेवढ्यात चपलांतून शांतवन धावत आला.

"राहू द्या मामा, मी घेतो."

इस्राएल पाटोळे त्याच्याकडं बघतच राहिले. "अरे, तुझं लग्न मोडतोय मी!"

"व्हय मामा. पण पेटी जड आहे."

आणि त्यानं पेटी डोक्यावर घेतली.

आत्या मांडवातून ओरडली, "अरं येड्या! तुझीच बायको परत चाललीय आणि तूच तिचं सामान पोचवतोयस?"

"पोचवून लगेच येतो, आत्या. जेवण झाकून ठेव."

पुढं शांतवन नव्या कोटात पेटी घेऊन, त्याच्यामागं इस्राएल पाटोळे, मागं मार्था, आणि बरंच मागं पुतणे. वाटेत ओढा आला. ओढ्यात शांतवननं बूट काढले नाहीत, कारण वाकला असता तर पेटी पडली असती. तो तसाच पाण्यातून गेला.

पलीकडं इस्राएल पाटोळेंना राहवेना. "का रे, तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की, मामा. लई वाटतंय."

"मग रडत का नाहीस?"

"रडलं की डोकं हलतं. पेटीत काचेच्या बरण्या आहेत."

मागून मार्था एकदम हसली, आणि मग तिनं पदर डोळ्यांना लावला.

घर आलं. शांतवननं ओसरीवर पेटी अलगद उतरवली. "सलाम, मामा," म्हणाला आणि निघाला. मार्था म्हणाली, "थांबा." तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि ती जाऊन पेटीवर बसली.

"बाबा, ही पेटी उघडायची नाही. ती परत जायची आहे."

"लोक हसतील, पोरी."

"हसू द्या. आपणही हसू."

इस्राएल पाटोळेंनी पुतण्यांकडं बघितलं. ते आत्ता कुठं अंगणात पोचत होते आणि पँटीवरची धूळ झटकत होते. मग त्यांनी शांतवनच्या ओल्या बुटांकडं बघितलं. त्यांनी खूप दाबलं, पण ओठांच्या कोपऱ्यातून हसू निसटलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच देवळात शांतवन आणि मार्थाचं लग्न लागलं, आणि नवरदेवाला पहिल्यापासून उभंच ठेवलं होतं.